चोरओटी

आवं विहीनबाई, गाठोडं सोडायची काय घाई हाय— ठेवा तिथं बाजूला, च्या घ्या आदी. हिरवा खण दिसतोय वाटतं त्यात, आनि नारळ? व्हय, कळलं मला कशाला आलासा ते. पूर्णिमाला तिसरा लागलाय, चोरओटी भरायची, कुनाला न कळता, दार लावून— आमच्यातबी तसंच हाय, काय येगळं न्हाई. पर ती झोपलीया. झोपू दे. दिग्गीस्नं रामनगरपतूर बशीत हादरून आलासा, तुमालाबी जरा इसावा नको व्हय? हाका मारू नकासा, उठायची न्हाई ती.

बोटीचं ऐकलासा न्हवं? कुठनं ऐकनार, तुमच्याकडं रेंज कुठं असती, फोन लावला की नुसतं टूं टूं. गेल्या आठवड्यात गेलतो की आमी समदी— मी, माझा शिवानंद, तुमची पूर्णिमा, आमची सोनाली आनि तिची चिंगी. जावई आले न्हाईत, त्यांचं दुकान. मुंबईस्नं बोट— बोट कसली, पान्यावरचं गावच म्हना! आत लिफ्ट, आत पवायचं तळं, ध्याडभर खायाला. आनि तुमची लेक पयल्याच दिवशी ताट घेऊन खाली बसली, कुनी वाढंल म्हनून! म्हनलं, अगं ऊठ, ही काय उळवीच्या जत्रंतली पंगत हाय? पुन्याच्या बाया बघून हसल्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमी वाईट वाटून घेऊ नकासा, पर रानातनं आनलेली पोरगी, किती शिकवायचं मानसानं?

मग बेट आलं, लक्षद्वीपचं. पानी कसलं म्हनता— निळं, तळाची वाळू दिसती! मोठी बोट लांब हुबी ऱ्हाती, बारक्या होडीतनं न्हेत्यात, शेवटाला गुडघाभर पान्यात उतरायचं. सकाळीच पूर्णिमा म्हनती, आत्ती, कंबर लई दुखतीया, मी खोलीतच ऱ्हाऊ? आता सांगा, एवढ्या लांब आनली ती काय लोळायला? आनि चिंगीला कोन घेनार? सोनालीला न्हाई उचलू देत मी— तिलाबी तिसराच हाय न्हवं! व्हय, दोघींना एकदमच. डागदरनीनं बजावलंय, वजन उचलायचं न्हाई. म्हनून चिंगी पूर्णिमाच्या कडंवर, पिशवी तिच्याच खांद्याव. तिला सवय हाय, मोळ्या वाहिलेली पोर. आमच्या बाया भात लावता लावता बाळंत हुत्यात, हे लग्नात तुमीच सांगत हुतासा की मिरवून.

पाय घसरला तिचा, पान्यातल्या दगडाव. चिंगीला मातुर सोडलं न्हाई, वर धरली आनि सोता आपटली. गुनाची हाय, न्हाई कशाला म्हनू? चिंगीला साधं खरचटलं न्हाई. मग तिला माडाखाली बसवली, शहाळं दिलं, आनि आमी तळाला काच असलेल्या होडीतनं फिरून आलो. कासवं बघितली! फोटू हायत, हे बघा— ही सोनाली, गॉगल लावलाय. ही मागं बसलीया ती पूर्णिमा. पोट धरून बसल्यावानी दिसती, पर ऊन लागलं असंल— मला तवा काय ठावं?

डागदर हुता की बोटीव. शिवानंद निघालाच हुता बलवायला, मीच आडवला. संध्याकाळी नाचगान्याचा कार्यक्रम, सोनाली नटून बसलेली, त्यात ह्ये रगात न् रडारड— म्हनलं, पडून ऱ्हा, थांबतंय कदी कदी. न्हाई थांबलं. आता असं बघू नकासा माझ्याकडं! व्हईल की परत, वय काय तिचं? दोघीतल्या एकीला तरी जपायलाच पायजे हुतं मला, आनि सोनाली माझ्या पोटची—

कुठं उठलासा? त्या खोलीकडं नको. कडी मीच लावलीया भाईरनं. रडती ओ सारखी, म्होरं आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला ऐकू जातं. बसा. बसा म्हनते. तुमच्या लेकीला हितंच नांदायचं हाय न्हवं जन्मभर? मग.

आनि गाठोडं उचलू नकासा. ओटीचं आनलेलं माघारी न्हेत न्हाईत. सोनाली म्हायेरीच हाय, तिची भरा. तिसराच हाय तिलाबी, कुठं वाया जायाचं न्हाई. सोनाली! ए सोनाली, ये गं, पाटाव बस, पदर पसर. हां. कुकू लावा आदी तिला. नीट लावा. आता तांदूळ घ्या वंजळीत— भरा, भरा की—

पूर्णिमे, दार वाजवू नगंस! तुजी आई ओटी भरतीया.