हाइमकाकांचा आडवा 'र'

साराकाकू, अष्टमीकर, रोहेकर मंडळी,

मी पेणचा सदाशिव, छापखानेवाला. मला छापायला सांगा, बोलायला नका सांगू. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं छापली. माझं स्वतःचं हे पहिलंच, आणि तेही हाइमकाकांच्या शोकसभेत. हे त्यांनी तपासलेलं नाही, तेव्हा चुका असतील. सांभाळून घ्या.

इथल्या निम्म्या लोकांना काकांनी टायपिंग शिकवलंय. माझ्याकडे ते आठवड्यातून दोनदा प्रुफं तपासायला यायचे. मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर मराठी फॉन्ट आला. त्या फॉन्टात आडवा 'र', म्हणजे 'ऱ्या'तला, नव्हता. 'दऱ्या' लिहायला गेलं की 'दर्या' व्हायचं, दरीचा समुद्र. मी म्हटलं, चालवून घेऊ, लोक समजून घेतात. तेवढ्यात एका मुंजीची पाटी आली. स्वयंपाकाच्या माणसांसाठी होती, 'आचाऱ्यांनी मागच्या दाराने यावे.' छापून निघालं, 'आचार्यांनी मागच्या दाराने यावे.' गुरुजींनी पाटी वाचली आणि मागच्याच दाराने घरी गेले.

हसा, हसा. काकाही हसले होते. म्हणाले, "सदा, एका रफारानं भटजी घालवलास."

तुम्हाला माहीत आहे, काकांची सगळी भावंडं इस्रायलला गेली. काका राहिले. इथल्या गावागावांतून तिकडे गेलेल्या बेने इस्रायली ज्यू घरांची नावं त्यांनी एका वहीत उतरवली होती. कोण कुठल्या गावचं, कुणाचं घर कुठल्या विहिरीजवळ. ती वही इंटरनेटवर ठेवायची ठरलं. मी हौसेने पान केलं, माझ्या फॉन्टात. तिकडे त्यांच्या पुतण्याने उघडलं, तर नुसती चिन्हांची खिचडी. मी म्हटलं, त्यात काय, माझा फॉन्ट फ्लॉपीवर पाठवून देतो. काकांना ते पटलं नाही. "पत्र वाचायला आधी सदाकडून चावी आणायची? हे कसलं पत्र?" बरं, मग पानाचं चित्र करून ठेवू? तेही नको. म्हणाले, "चित्रात नाव दिसतं. शोधलं तर सापडत नाय."

त्यांना सगळ्यांचा मिळून एक नियम हवा होता. प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, मग कॉम्प्युटर कुणाचाही असो. असा तक्ता करणारी मंडळी परदेशात आहेत आणि त्यांना कुणीही सूचना पाठवू शकतं, हे काकांनी एका मासिकात वाचलं. कुणीही म्हणजे अष्टमीचा टायपिंगवालासुद्धा! माझ्याच छापखान्यातून त्यांनी ई-मेल धाडली. विषय, आडवा 'र'. शब्द दिले, अर्थ दिले. मुंजीची गोष्टही घातली.

आणि तिथेच मी बिघडवलं. खरं सांगतो, मला भीती वाटली. उद्या सगळ्यांचं सगळं सगळीकडे वाचता आलं, तर माझ्या फॉन्टाला कोण विचारणार? माझ्याकडे कोण येणार? मी बोलून गेलो, "काका, तुमच्या एका 'र'साठी जग अडलंय का?" काकांनी टोपी घातली, एसटीला गेले. पुन्हा आले नाहीत.

मंडळी, त्या ई-मेलला उत्तर आलं होतं. काका असताना आलं होतं.

मी ते छापून ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हटलं, येतील तेव्हा देऊ. आपण कशाला जायचं? आठ दिवस ते तिथे पडून होतं. पेणहून रोहा-अष्टमी असं किती लांब आहे हो? नवव्या दिवशी साराकाकूंचा फोन आला, की काका गेले.

काकू, हे मी घरी येऊन सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं.

उत्तरात लिहिलंय, तुमच्या 'र'ला तक्त्यात जागा आहे, पण ती वापरायची कशी हे नियमात स्पष्ट नाही. ते स्पष्ट करायला हवं, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आणखी उदाहरणं पाठवा.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. एवढंच वाक्य काकांना वाचायला मिळायला हवं होतं.

उदाहरणं उद्या सकाळी मी पाठवतोय, काकांच्या नावाने. तुम्हाला सुचतील तेवढे शब्द जाताना मला लिहून द्या. आणि वहीतली सगळी नावं मी नव्या नियमाने पुन्हा टाइप करणार आहे. आज ती कुठल्याच कॉम्प्युटरवर धड दिसणार नाहीत, हे मला माहीत आहे. काकांनाही माहीत होतं. ते म्हणायचे, दिसतील सावकाश, आधी नीट लिहून तर ठेव.

पहिलं उदाहरण मी निवडलंय. काकांच्या वहीच्या पहिल्या पानावरची ओळ. माझ्या फॉन्टाने तिच्यातले दोन शब्द बिघडवले होते. आता सगळे उभे राहू या. मी ती ओळ वाचतो, त्यानंतर दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

'दुसऱ्या किनाऱ्यावरच्या आपल्या माणसांना.'

काका, दोन्ही 'र' आडवे आहेत. तपासून घ्या.