निळ्या फुलांच्या पिशवीतला राजमा

हॅलो?… हां ताई, बोल. बोल, पण आधी एक ऐकून घे. या घराच्या खर्चाचा प्रश्न मी आज मुळापासून सोडवला आहे… हो, मुळापासून. कडधान्यानं… हसतेस काय? वाळलेल्या दाण्यांवर आख्ख्या फौजा लढल्या आहेत, आपण तर चार खोल्यांत राहणारी साधी माणसं…

हो… हो… अगं, तेच तुला विचारणार होतो. दाणे शिजत नाहीत.

राजमा… नाही गं, आज सकाळी नाही, काल रात्रीच भिजत घातला… फुगला नाही. मला वाटलं, जातच बारीक असेल.

शिट्ट्या मोजायचं मी सोडून दिलं. खालच्या मजल्यावरच्या काकू मघाशी येऊन विचारून गेल्या, तुमच्याकडे काही कार्य आहे का म्हणून.

मीठ आधी नाही घातलं… घातलं, पण काढलं. म्हणजे पाणी बदललं. आता इंटरनेटवर एक बाई सांगतात, भिजवलेलं पाणी फेकून द्या. दुसऱ्या बाई सांगतात, फेकू नका, सत्त्व त्यातच असतं. दोघींचंही पटलं. मी अर्धं फेकलं.

सोडा? घातला… खाण्याचाच. म्हणजे, असावा. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण फसफसला.

बघितला ना दाबून. साल सुरकुतलीये, म्हणजे तिची तयारी दिसते. आतला ऐकत नाही.

ताई, गंमत नंतर कर. बायको ऑफिसातून यायच्या आत हे शिजलं पाहिजे. तुला माहितीये ना काय ठरलंय… नाही सांगितलं? अगं, माझ्या कंपनीनं आमचा विभाग बंद केला, त्यानंतर ती म्हणाली, महिनाभर माझ्या एकटीच्या पगारात घर चालवून दाखव. स्वयंपाक तू करायचास, बाहेरून तयार काही आणायचं नाही. जमलं तर निवांत दुसरी नोकरी शोध. नाही जमलं तर भावोजींच्या दुकानात… आज महिना संपतो. पैसे परवाच संपले.

फरशीचं दुकान वाईट आहे असं मी म्हटलं का? भावोजी देवमाणूस आहेत. पण मागे एकदा उभा राहिलो होतो ना तिथं, तर एका गिऱ्हाइकाला मी म्हटलं, ही फरशी तुमच्या बाथरूमला शोभणार नाही… अगं, खरंच शोभणार नव्हती… हो, गेले ते. पण पटून गेले.

थांब, जरा ज्योत बघतो… पिवळी झालीये. बारीकही झालीये. असेल काहीतरी. तू बोल.

कुठून आणला म्हणजे? आणलाच नाही, तीच तर बचत आहे. घरात सापडला. आईच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, शालींच्या मागं. अडीअडचणीला म्हणून ठेवला असणार तिनं. तिचा स्वभाव तुला नवा आहे का…

डब्यात नाही, पिशवीत. कापडी. हल्ली प्लॅस्टिक नको म्हणून देतात तसली… तोंड नव्हतं गं तिला. चारी बाजूंनी शिवलेली. काय सुरेख टाके होते, उसवता उसवता माझी बोटं दुखली. म्हटलं, दुकानदार असावा तर असा.

कापड कशाला हवंय तुला आता?… निळ्या फुलांचं. बारीक फुलं, मागं पिवळा रंग… हो, नाडी आहे एका टोकाला. खिळ्याला अडकवायला असेल.

हॅलो?… ताई?… आहेस ना?

वास? आता तू विचारलंस म्हणून सांगतो, वास जरा औषधी आहे. आधी वाटलं, कुकरच्या रिंगचा असेल… हो, बामासारखा. बामासारखा काय, बामच. तुला कसं कळलं?

काय?

तू शिवलीस?

हळू बोल, हळू. परत सांग… तुझ्या जुन्या ड्रेसचं कापड. आईच्या खांद्यासाठी. शेकायची पिशवी… आणि आत राजमा का भरलास?… ऊब धरून ठेवतो. बरं… म्हणजे ती रोज तव्यावर गरम करते आणि खांद्यावर ठेवते, ती ही पिशवी?

बघितलंय गं मी. रोज बघतो. मला वाटायचं, ती उशी आहे… नाही विचारलं. उशी तव्यावर का ठेवतेस, असं आईला कसं विचारायचं? म्हटलं, वय झालंय.

कधी शिवली होतीस?… तुझी लेक बालवाडीत असताना?… अगं, ती आता नोकरीला लागली ना…

म्हणजे तेव्हापासून रोज भाजला जातोय हा… हो… हो, कळलं. आता शिजणारच नाही. अजिबातच नाही?… अजून दोन शिट्ट्या दिल्या तर?

बरं, बरं. चिडू नकोस.

आईनं अजून मागितली नाहीये. झोपलीये ती… थांब, थांब. हाक मारतेय… हो आई, आलो… काही नाही, ताईचा फोन आहे… काय हवंय तुला?…

मागितली.

काय सांगू तिला, कुकरमध्ये आहे म्हणून?… हो, गरम तर आहे. भरपूर गरम आहे… मोजा? कुणाचा, माझा?… निथळून मोज्यात भरू म्हणतेस… धुतलेलाच आहे गं, ऑफिसचा आहे, आता कुठे वापरला जातोय. थांब, गॅस बंद करतो… बंदच आहे. मीच केला असेल. फोन ओट्यावर ठेवतो, ठेवू नकोस तू…

हं. दिला… काही नाही, डोळे मिटून पडलीये. म्हणाली, आज कुठे खांदा मोकळा झाला… विचारलं ना, ओलं का लागतंय. मी म्हटलं, वाफेचा शेक आहे… नाही, मोज्याबद्दल काही विचारलं नाही. तिलाही वाटलं असेल, याचं वय झालंय.

हो, नवा राजमा मी आणून देतो, तू शिवून दे… नाही, मी शिवत नाही.

ताई, दार वाजलं… तीच आहे. आज लवकर कशी आली ही…

ऐकतेयस ना? हातात पाव आहे. आणि अंडी… नाही गं, मी फोन नव्हता केला. आपणहून घेऊन आलीये… कुकरमध्ये डोकावली. आईच्या खोलीत डोकावली. आता चपला काढतेय.

भावोजींना सांग, उद्या येतो… नऊला? बरं, नऊला… हो, गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलणार नाही. फक्त फरशा उचलीन.

हो, हो… ठेवतो. ती म्हणतेय, निदान अंडी तरी उकड… कशी उकडू, ताई? गॅस संपलाय.