माजिदा बोलायची, मी लिहायची

नाही नाही, बोलू नका — मान हलवा नुसती, हां, अशी — पॅक वाळेपर्यंत ओठ हलवायचे नाहीत मॅडम, नाहीतर तोंडाभोवती भेगा पडतात आणि मग तुमी बिल्डिंगभर सांगणार, खालच्या पूनमनं माझ्या चेहऱ्याची वाट लावली म्हणून. तुमीच विचारलंत ना, आज एवढ्या खुशीत का — विचारलंत, आता ऐका! सकाळपासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय मला. आमच्या ह्यांना सांगायला गेले तर ते गाडीची किल्ली शोधत होते — किल्ली सापडली, गेले. तुमी बऱ्या, तुमाला उठताच येत नाही. तर माजिदा येणारे. आज चार वाजता, हितं, माझ्याकडं. कोण माजिदा? — बघा, डोळ्यांनी विचारलंत, कळतं की मला, इतकी वर्षं असल्या लिंपलेल्या चेहऱ्यांशीच बोलत आलेय मी.

माजिदा म्हणजे हितल्याच कॉलेजात आमच्याबरोबर लिहिणारी पोरगी. लिहिणारी म्हणजे — तिच्यासारखं लिहिणारं माणूस मी परत बघितलं नाही, आणि गंमत काय, ती लिहायचीच नाही! लिहायची मी. सांगते, सांगते. आमच्या कॉलेजात पोरांचा एक पेपर निघायचा, 'शिट्टी' नाव त्याचं, दर शनिवारी फुलस्केपची चार पानं — हातानं लिहायची, बाहेर झेरॉक्स काढायची आणि कँटीनमध्ये वाटायची. संपादक होता प्रभु, लई गंभीर, सगळा देश आपल्याच खांद्यावर आहे असा चालायचा. मी आलेली करकंबहून, हॉस्टेलला राहायची, मला पेपरात घेतलं कशासाठी तर अक्षर चांगलं म्हणून. बास, तेवढंच. विचारबिचार कुणी विचारले नाहीत मला, आणि होते कुठं म्हणा! आणि माजिदा हितल्याच, सोलापूरच्या भवानी पेठेतली, घरात टॉवेलला कडा शिवायचं काम, दहावीपर्यंत उर्दू शाळेत — मराठी बोलायला लागली की नुसतं बघत राहावं, मधेच आपलं दखनी घुसायचं, "नक्को बाई, ये तो हद हो गई" — पण लिहायला बसली की एकेक अक्षर जोडत बसायची. म्हणायची, माझी जीभ पुण्याला पोचते गे, हात अजून सोलापूर स्टँडवरच उभा असतो. मग प्रभुनं जोडी लावली. ती बोलणार, मी लिहिणार. लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर, दर शुक्रवारी.

आता ते टाकीचं ऐका. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीत शेवाळ झालेलं, नळातनं कबुतराची पिसं यायची. प्रभु म्हणाला, कडक लेख पाहिजे, अग्रलेखासारखा. माजिदा बोलतेय, मी लिहितेय, मधे डबा उघडा — भाकरी, शेंगाची चटणी — आणि झेरॉक्सवाला बंद करायच्या आत द्यायचं म्हणून मी मान वर न करता जे कानावर येईल ते लिहीत सुटले. शनिवारी पेपर आला. पहिल्या पानावर, माझ्या सुंदर अक्षरात — अजून पाठ आहे मला — 'विद्यार्थ्यांच्या आरोग्याकडे होणारे हे दुर्लक्ष अक्षम्य असून — ए, चटणी इकडं सरकव, सगळी तूच खातीस — प्राचार्यांनी स्वतः शिडीवर चढून टाकीत डोकवावे — नक्को नक्को, ते आत पडतील, मग ते पाणी कोण पिणार — अशी आमची नम्र मागणी आहे — लिहिलंस? बघू — तरी याची तातडीने दखल घ्यावी.' अहो! अहो मॅडम, नका हसू — गेली बघा भेग, नाकापासून पार गालापर्यंत — थांबा, ब्रश आणते, थापते परत. हसा, हसा, आता झालंच आहे तर. सगळं कॉलेज असंच हसलं की. प्रभु तेवढा रडायचा बाकी होता. माजिदा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी हॉस्टेलवर तोंडावर पांघरूण घेऊन पडले, म्हटलं, आता बॅग भरायची आणि करकंबची एसटी धरायची. आणि सोमवारी कँटीनमध्ये बघते तर काय — पोरं बाकावर उभी राहून मोठ्यानं वाचतायत, कुणी प्राचार्य होतंय, कुणी चटणी मागतंय, ज्यांनी 'शिट्टी' कधी हातात धरली नव्हती ते झेरॉक्सची झेरॉक्स काढून नेतायत! टाकी धुतली की ओ त्याच आठवड्यात. माजिदा आली, माझा हात धरला, म्हणाली, आता असंच. मी बोलेन ते सगळं लिहायचं, शिंकले तर शिंकपण लिहायची.

आणि मग जे काय बोलली ती — हॉस्टेलच्या आमटीवर बोलली, परीक्षेच्या हॉलमधल्या पंख्यावर बोलली, रिक्षावाल्याशी भांडण झालं ते आख्खं भांडण बोलली, दोघांचे आवाज काढून! मी लिहीतपण होते आणि पोट धरून हसतपण होते, अक्षर वाकडं व्हायचं, प्रभु ओरडायचा. मग कॉलेज संपलं. ती लग्न होऊन विजापूरला गेली, मी लग्न होऊन ह्या बिल्डिंगीत आले, नंबर हरवले, आणि त्यानंतर मी चार अक्षरं कुठं काढली असतील तर ह्या दाराबाहेरच्या बोर्डावर. पेंटरला देणार होते हे, मी म्हटलं, द्या हिकडं, मी लिहिते. आणि गेल्या महिन्यात काय व्हावं? ती भाचीच्या लग्नाला चालली होती, रिक्षातनं बोर्ड बघितला — रिक्षा थांबवली, तशीच आत आली, भरजरी साडीत, आणि दारातनंच ओरडली, "हे अक्षर दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही!" तितं एक बाई बसलेल्या, डोळ्यांवर काकडी, त्या दचकून उठल्या, काकड्या खाली, आणि आमी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडतोय नुसत्या.

आता ती सोलापुरातच असते, शाळेत शिकवते. कुठल्याशा कार्यक्रमात बोलली, तितं हितल्या एका पेपरचे साहेब बसलेले, म्हणाले, बाई, दर रविवारी आमच्याकडं लिहा. आणि ही मला फोन करून म्हणते — पूनम, मी बोलते, तू लिही, दोघींचं नाव टाकू. मला काय वाटलं असेल सांगा! — नाही नाही, सांगू नका, वाळू द्या. मी पार्लरभर नाचले. आणि मग काय केलं माहितीय? म्हटलं, तुला वेड लागलंय, आता मोबाईलपुढं बोललं की मोबाईल आपोआप लिहितो, मी कशाला — आणि फोन ठेवला. का ठेवला? मला वाटलं, कीव येतेय तिला. तिनं हे पार्लर बघितलं, ही फाटकी खुर्ची बघितली, म्हणाली असेल, बिचारी पूनम, हिचंही नाव येऊ दे कुठं तरी. तसलं नकोय मला. अक्षर चांगलं म्हणून घेतलेली पोरगी मी, आणि आता अक्षर कुणाला लागतं? खोटं कशाला बोलू मॅडम, संसार आहे, पार्लर आहे, कशाला कमी नाही, सगळ्यांना मी लागते — डब्याला लागते, भुवयांना लागते, गॅसवाला आला की लागते. पण त्या पायऱ्यांवर बसल्यावर जसं वाटायचं ना, की आत्ता हितं मीच पाहिजे, तसं परत — आईशप्पथ, हे ह्यांनापण बोलले नव्हते मी, तुमच्यापुढं कशी बोलून गेले.

तर सकाळी तिचा आवाज आलाय व्हॉट्सॲपवर, हा एवढा लांब. "चारला येतेय, ऐकून घे आणि काय ते तोंडावर सांग" — एवढं ऐकलं, ह्यांना सांगायला धावले, आणि मग तुमी बेल वाजवली. पुढचं ऐकायचं राहिलंय. राहिलंय कसलं, ठेवलंय मी. खुशीत आहे, पण पुढचं लावायला धजत नाही. कीव निघाली तर? तुमच्यासमोर लावू का? सोबत होईल मला. चालेल ना? चालेल, तुमाला कुठं नाही म्हणता येतंय.

ऐकलंत? ऐकलंत तुमी? थांबा, मागं घेते — हां, हे — "मोबाईलनं लिहिलं गे सगळं, एक अक्षर चुकलं नाही. साहेबांना पाठवलं, तर म्हणाले, बाई, तुमच्या बोलण्यातली जान नाही ह्यात. कशी असणार? मोबाईल हसत नाही. मी कुणाकडं बघून बोलू? तू हसलीस की मी वाढवायची, आणि तुझं पेन थांबलं की मला कळायचं, माजिदा, तू थापा मारतेयस — मग मी ते सोडून द्यायची. अर्धं तूच लिहायचीस पूनम. तुला ठाऊक नाही?" — पेन थांबायचं! अहो, पेन थांबायचं कारण माझी रिफिल अडायची! स्वस्तातली रिफिल, झटकायची, तळव्यावर रेघोट्या मारायच्या, तेव्हा कुठं चालायची — आणि ही समजायची मी विचार करतेय! आता हे सांगू का तिला? छे, मेले तरी नाही सांगणार!

पण दर वेळी कशी अडेल हो रिफिल? एकदा ती तिच्या अम्मीवर बोलत होती. म्हणाली, लिही, माझी अम्मी लई सुखात आहे. आणि मी नाही लिहिलं. शाई होती पेनात. मी नुसती तिच्याकडं बघत बसले, ती माझ्याकडं, बराच वेळ, आणि मग हळू म्हणाली, अम्मीला मशीनवर झोप लागते आणि झोपेतपण तिचा पाय पायडल मारत असतो. ते वाचून प्रभु उठून बाहेर गेला होता. मला वाटायचं, ते सगळं तिचं. ती — ती मी थांबले म्हणून बोलली होती ते?

काही नाही. काही नाही, तुमी उठा आता. नळ त्या कोपऱ्यात, गार पाण्यानं धुवा, घासू नका. मसाज परवा करू. अहो, आता बोललात तरी चालेल, पण आत्ता नको, थांबा जरा — हॅलो, माजिदा? चारला कशाला, आत्ता ये. आत्ता! — मॅडम, पर्समध्ये पेन आहे का ओ तुमच्या? ह्या दुकानात काजळाच्या पेन्सिली ढीगभर, पेन म्हणून एक नाही. द्या. चालतंय का बघू — चालतंय. बरं, या आता तुमी.