मरियामातेचं पदक

अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या हॉस्पिटलात माझ्या मागच्या बाकावर दोन बहिणी बसल्या होत्या. आत त्यांच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं.

"नेरेइदा, आईच्या गळ्यातलं मरियामातेचं पदक कुठंय?"

"नर्सनं काढायला लावलं. माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? आपलं कॅथलिक चर्च सोडल्यापासून मूर्तींना नावं ठेवतेस, आणि पदक तुझ्याकडे?"

"ताई, देवाशी सरळ बोलता येतं. मध्ये कुणी कशाला हवं?"

"मग परवा तुझ्या नव्या चर्चच्या पास्टरला आईसाठी प्रार्थना करायला का सांगितलंस?"

"ते जिवंत आहेत."

"आणि मरिया मेलीय? स्वर्गातून सगळं ऐकतेय ती!"

"हळू बोल, लोक बघताहेत."

"बघू देत. चार तास झाले, आतून कुणी येत नाही. आण ते पदक इकडे."

"नाही देणार. आत नेताना आई म्हणाली, मी परत येईपर्यंत हातातून सोडू नकोस."

"तुला म्हणाली?"

"तू गाडी लावायला गेली होतीस."

"म्हणजे तू मरियेची प्रार्थना करतेयस!"

"मुळीच नाही. मी येशूकडेच मागतेय. हे नुसतं धरलंय."

"मग मूठ एवढी घट्ट का? बोटं बघ, पांढरी पडलीत."

"माहितीय. सोडवत नाही गं."