फूटपट्टी लावलेली रेघ

हॅलो?… हॅलो, पुष्पा? मी दादा, नगरहून… हो, कॉलेजच्या ऑफिसातून. घरी बरं आहे सगळं. अगं ऐक ना, तू पुण्याला फिजिक्स शिकवतेस, म्हणून तुलाच विचारतो…

आमच्याकडं तो नवा लेक्चरर आलाय ना, गोरक्षनाथ… हो, तोच. सापेक्षता शिकवतोय. रंगीत खडूनं आकृत्या काढून. माझ्या तासाला बाकं रिकामी आणि त्याच्या तासाला पोरं खिडकीत बसतात… हो, जळतोय मी. पोटात दुखतंय माझ्या. पुढं ऐक.

आज मी त्याच्या वर्गात मागं जाऊन बसलो. फळ्यावर दोन जुळे भाऊ. एक नगरच्या स्टँडवर बसलेला, त्याची रेघ सरळ उभी… हो हो, वेळ खालून वर, अंतर आडवं. दुसरा लई वेगानं लांब गेला नि परत आला. त्याची रेघ तिरकी गेली, वळली आणि वर उभ्या रेघेला येऊन मिळाली. अन् हा म्हणतो, जाऊन आलेल्याचा वेळ कमी गेला, तो तरुण राहिला…

मग काय, उठलो. फूटपट्टी घेतली, पोरांदेखत दोन्ही रेघा मोजल्या. वाकडी लांब भरली, म्हणजे वेळ जास्तच गेला पाहिजे. म्हटलं, सर, तुमचं उलटं झालंय… हसली ना पोरं. किती दिवसांनी माझ्या बाजूनं हसली.

…पुष्पा? काय म्हणालीस?

फूटपट्टी लावायचीच नाही? का?… अगं, कर्ण मोठाच असतो, शाळेतलं पोर सांगेल… वजाबाकी?… थांब, परत सांग. वेळेच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा… बेरीज नाही. म्हणजे रेघ फळ्यावर लांब दिसते, पण वेळ कमी… नक्की ना?… हं. मी जन्मभर उष्णताच शिकवली गं.

तो? त्यानं फळा पुसला. म्हणाला, सरांनी महत्त्वाचा प्रश्न काढलाय, उद्या सावकाश बघू… माहीत असणारच की त्याला. मग तिथंच का नाही…

असं म्हणतेस? माझी अब्रू राखली?…

अगं, चिडला असता तर बरं होतं… न्हाई, तुला नाही कळायचं. उद्या मीच उठून चूक सांगीन, सांगावीच लागेल. पण आता त्याचा रागसुद्धा करता येणार नाही मला. तेवढाच तर होता माझ्याकडं… हॅलो? पुष्पा?… हॅलो?… ऑपरेटर, अहो, लाईन… नको. राहू द्या, नका जोडू.