पासवर्ड बदलला तरी

आमच्या ऑफिसात मध्यंतरी काय झालं, ऐका. उद्यमनगरात आमचं ऑफिस, आणि गिऱ्हाइकांना ईमेलवर बिलं पाठवायचं काम माझ्याकडं. एका सकाळी कुरुंदवाडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"ताई, तुम्ही पाठवलेली फाईल उघडंना की."

"मी काहीच पाठवलं नाही."

"न्हाय कसं? तुमच्याच ईमेलवरनं आलीया."

बघितलं तर खरंच, सगळ्या गिऱ्हाइकांना माझ्या नावानं कसलीतरी फाईल गेलेली. मी लगेच पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी परत तेच. पुन्हा बदलला, पुन्हा तेच.

मालकांनी विचारलं, "पासवर्ड तुझ्याशिवाय कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच नाही."

"मग पाठवतंय कोण?"

नोकरी जाते की काय, या भीतीनं जेवण जाईना.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कांबळे मॅडम आल्या.

"पासवर्ड कुठल्या कॉम्प्युटरवर बदलत होता?"

"ह्याच्यावरच."

"मग तुम्ही नवा टाकला, की ह्यातला व्हायरस तो चोरून बाहेर पाठवत होता."

मराठी टायपिंगच्या एका फुकट सॉफ्टवेअरबरोबर तो व्हायरस आलेला. मी तर असलं काही टाकलंच नव्हतं.

मालक हळूच म्हणाले, "ते मी टाकलंय. पोरीच्या लग्नाची पत्रिका कराय."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी कॉम्प्युटर साफ केला आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. मालकांनी मान डोलावली आणि भर ऑफिसात मला विचारलं, "नवा काय ठेवूया गं? मोठ्यानं सांग, सगळ्यांच्या ध्यानात ऱ्हाईल."