कागदावरची एकशेवीस पावलं

आजच्या सभेचं अध्यक्षस्थान स्वीकारून आम्हा कड्यावरच्या माणसांचा मान वाढवणाऱ्या नगराध्यक्षा विब्केबाई, व्यासपीठावरचे नकाशा विभागातले सहकारी, आपल्या चर्चचे पाद्रीबाबा, माझ्या शेजारी अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती मेरेतेबाई, आणि स्कालुमच्या कड्यावर राहणाऱ्या आणि आता तिथे न राहणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

घरातून निघताना माझ्या बायकोनं, गेर्डानं, मला बजावलंय, "आयनार, पाच मिनिटं. आणि मेंढ्यांवर घसरू नकोस." गेर्डा, मेंढ्यांचा उल्लेख होणार आहे. इलाज नाही.

एकतीस वर्षं आपल्या किनाऱ्याचे नकाशे काढून मेरेतेबाई आज निवृत्त होताहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल बोलायला इथे योग्य माणसं आहेत. मी एकाच दुपारबद्दल बोलणार आहे. सात वर्षं झाली, पण त्या दुपारच्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

त्याआधीच्या शरदात बाई गावात दारोदार फिरल्या. हातात जवळजवळ कोरे कागद. छापलेलं काय, तर चर्च, रस्ता आणि आपापलं घर.

"कड्याची कड कुठे आहे, तिथे रेघ मारा," त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊन बघायचं नाही. मागच्या दारापासून किती पावलं, तेही लिहा."

कागदाच्या मागे दोन प्रश्न होते, तालुकाभर विचारलेले. हवामान बदलतंय असं वाटतं का? त्याची झळ कोणाला लागेल?

मी तेव्हा ग्रामसंघाचा अध्यक्ष. म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं या घरात काढली. कडा कुठे आहे हे मला विचारता?"

"म्हणूनच तुम्हाला विचारते."

मी ऐटीत रेघ मारली आणि लिहिलं, एकशेवीस पावलं.

फेब्रुवारीत बाईंनी आम्हाला याच सभागृहात बोलावलं. आधी एक रंगीत नकाशा लावला. ज्या घराला हवामानाची जितकी काळजी, तितका तिथे निळा रंग गडद. तालुक्याच्या गावात, समुद्रापासून तीस किलोमीटरवर, नुसती निळाई! जसजसं समुद्राकडे यावं, तसतसा रंग फिका. आणि आमचा कडा? पांढराफटक. तसं हवामान बदलतंय हे आम्ही जवळजवळ सगळ्यांनी मान्य केलं होतं. पण झळ कोणाला? 'लांबच्या बेटांवरच्या लोकांना.' 'नातवंडांना.' चौसष्ट घरांपैकी एकाच घरानं लिहिलं होतं, 'मला'. त्या पांढऱ्या पट्ट्यात एकच निळा ठिपका.

"ती योहाने असणार!" मागून कुणीतरी म्हणालं. योहाने तेव्हा एक्याऐंशीची होती. सगळे हसले. मीही हसलो.

मग बाईंनी त्या वर्षीच्या मोजणीचा नकाशा लावला आणि त्यावर, एका पारदर्शक कागदावर उतरवलेल्या, आमच्या रेघा ठेवल्या.

मंडळी, त्रेसष्ट रेघा समुद्रात होत्या! किनाऱ्यावर नाही, वाळूत नाही, पाण्यात. सगळ्यांत आत माझी.

माझे कान तापले. मी उठून ओरडलो, "तुमचा नकाशा चुकलाय!"

"असेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "चला, मोजू."

सगळं सभागृह कोट चढवून माझ्या मागच्या दाराशी आलं. मी पावलं टाकत मोठ्यानं मोजू लागलो. अडतीस म्हटलं आणि गेर्डानं माझं जाकीट मागून घट्ट धरलं. "आयनार, थांब!" पुढे मेंढ्यांचं कुंपण होतं, आणि कुंपणाच्या पलीकडे हवा.

बाईंनी विचारलं, "हे कुंपण कधीचं?"

"गेल्या वर्षीचं. वादळानंतर जरा मागे घेतलं."

"त्याआधी?"

"त्याआधीही एकदा घेतलं होतं."

"आणि त्याआधी?"

 कुंपण मी तीनदा मागे घेतलं होतं. प्रत्येक खुंट मी स्वतः ठोकला होता, या हातांनी. आणि तरी कागद पुढे आल्यावर एकशेवीस लिहिलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो हो! मला खरंच तसं दिसत होतं. माणसाच्या डोळ्यांचं असं कसं होतं?

मागे योहाने रबरी बूट घालून उभी होती. म्हणाली, "दोनदा सांगितलं तुला. तू म्हणालास, योहाने, तुझं वय झालं." तिनं स्वतःच्या दारापासून नऊ पावलं लिहिली होती. बाईंनी मोजली. नऊच भरली.

त्या वसंतात अकरा घरं वरच्या अंगाला हलवली. बाईंनी हट्टानं योहानेचा नंबर पहिला लावला. पुढच्या जानेवारीत, भर सकाळी अकरा वाजता, तिचं रिकामं स्वयंपाकघर कड्यावरून खाली गेलं. मी बघत होतो. फारसा आवाजही झाला नाही. तेच मला सोसवलं नाही.

आता एक गोष्ट गेर्डालाही ठाऊक नाही. बाई दारोदार फिरण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या साहेबांना एक निनावी पत्र गेलं होतं. ही बाई कड्याचे नकाशे छापून आमच्या घरांची किंमत पाडते, तिला या कामावरून काढा, असं. चौकशी झाली. बाईंना दोन महिने घरी बसवलं. ते पत्र मी लिहिलं होतं.

परवा शेवटच्या मोजणीला आम्ही दोघंच होतो. मी त्यांना सांगून टाकलं. त्या मोजायची फीत गुंडाळत म्हणाल्या, "माहीत आहे. तुमच्या गावातून येणाऱ्या पत्रांत स्वल्पविराम इतके चोख देणारा दुसरा कोण आहे?"

मी थक्क. म्हटलं, "मग त्यानंतर आमच्याच गावात का आलात?"

"पत्र वाचूनच आले. इतकं घाबरलेलं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. वाटलं, याला कशाची भीती वाटते ते याला तरी कळतंय का, बघावं."

 

अध्यक्षांनी मला वेळ दिला, सकाळपासून कॉफी आणि केक करणाऱ्यांनी पोटाची सोय केली, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते आपण पोटात घालाल. पण त्या पत्राची क्षमा अशी ओघात मागून चालणार नाही. ती मी इथे, सगळ्यांसमोर, नाव घेऊन मागतो. मेरेतेबाई, मला माफ करा.